भिंतीपाशी उताराचं काय होतं?

मंगळवार, ७ जानेवारी

जाहिरात आली. फिजिक्सची एक जागा, कायमची, आमच्याच कॉलेजात. मालाडच्या या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले तेव्हा माझ्या लग्नाचा अल्बमसुद्धा हातात आला नव्हता. आता अल्बमची पानं एकमेकांना चिकटायला लागलीत आणि मी अजून तासिका तत्त्वावरच. म्हणजे शिकवीन तेवढे तास माझे, आणि मे महिन्यात मी कुणाची कुणी नाही. ही जागा दुसऱ्या कुणाला मिळाली की माझे तासही त्याच्याकडे जाणार. एक तर कायम होणार, नाहीतर घरी बसणार.

आणि नेमकं आजच देवदत्त सर माझ्या वर्गात येऊन बसले. शेवटच्या बाकावर, न सांगता. सर आमचे विभागप्रमुख. फेब्रुवारीअखेर निवृत्त होतायत, पण त्याआधी निवड समितीवर आहेत.

टीवायला, म्हणजे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आज इन्फिनिट स्क्वेअर वेल सुरू केली. पोरं तिला 'डब्यातला कण' म्हणतात. एक कण, दोन भिंती, भिंती इतक्या उंच की त्या ओलांडणं अशक्य. कणाची लाट दोन भिंतींमध्ये बसवायची, दोन्ही टोकांना शून्य. दोन्हीकडे बांधलेल्या तारेत एक फुगवटा बसतो, दोन बसतात, तीन बसतात, दीड बसत नाही. म्हणून कणाला ठरावीकच ऊर्जा घेता येतात. हे सांगण्याआधी लाटेचे चार नियम लिहून द्यायचे, ही आमच्याकडची पद्धत. तिसरा नियम असा की लाटेचा उतार सगळीकडे सलग पाहिजे, कुठे कोपरा चालणार नाही.

तिसऱ्या नियमाला सरांनी मान वर केली, खिशातून कागद काढला आणि लिहायला लागले. तास संपेपर्यंत लिहीतच होते. मग तसेच उठून गेले.

कुठेतरी पाणी मुरतंय. आजपासून सगळं लिहून ठेवणार आहे.

शुक्रवार, १० जानेवारी

बरोबर होता माझा संशय.

स्टाफरूममध्ये चहा चालू होता. सर आले, माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दीप्ती, तो तिसरा नियम भिंतीपाशी कसा काय पाळला जातो गं?"

मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर माझीच आकृती आली. लाट तिरकी उतरत भिंतीला येऊन टेकते आणि भिंतीपलीकडे सपाट शून्य. तिथे चांगला टोकदार कोपरा आहे. एका पानावर कोपरा चालणार नाही म्हणून लिहून देते आणि पुढच्याच पानावर कोपरा काढते. इतक्या बॅचेस गेल्या, एकाही पोराने विचारलं नाही. मलाही कधी दिसलं नाही.

म्हटलं, "सिलॅबसमध्ये आहे सर."

"ते आहेच गं. पण का?"

केमिस्ट्रीची मानसी बिस्किटाकडे बघत बसली. मी तास आहे असं सांगून सटकले. तास नव्हता.

राग कशाचा येतो ते लिहून ठेवते. मी याच कॉलेजात शिकले. हे चार नियम आम्हाला सरांनीच लिहून दिले, शब्दन् शब्द हेच. मी तेच पुढे देते. आणि आता तेच सर मला चार लोकांत विचारणार की नियम कसा पाळला जातो! वरच्या माणसाने खालच्याला प्रश्न विचारला की ती परीक्षा असते, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मला येत नाही हे सगळ्यांना दाखवायचं होतं, ते दाखवून झालं.

मंगळवार, १४ जानेवारी

सरांनी तिळगूळ दिला. हातावर ठेवता ठेवता हळूच विचारलं, "विचार केलास का त्याचा?"

वडी ड्रॉवरमध्ये टाकली. खाल्ली नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज रंगेहाथ पकडलं. निमेश सरांच्या केबिनमध्ये होता. निमेश म्हणजे कांदिवलीच्या एका कॉलेजात माझ्यासारखाच तासांवर शिकवणारा. त्याचे पेपर छापून आलेत, पीएच.डी. होत आलीय आणि त्यानेही अर्ज केलाय. मी हजेरीवर सही घ्यायला म्हणून दार ढकललं, तर सर फळ्यापाशी उभे. मला बघताच तळहाताने फळा पुसला. डस्टर समोर होता, तरी हाताने! कोपऱ्यात एक रेघ राहिली होती, तिरकी येऊन मोडलेली. माझी आकृती. निमेश खाली मान घालून मोबाइलशी खेळत होता.

म्हणजे त्याला उत्तर शिकवून ठेवतायत आणि मला प्रश्नावर अडकवून ठेवतायत. टेबलावर लायब्ररीची तीन-चार जाड पुस्तकं उघडी पडली होती. निवृत्तीला दीड महिना उरलेला माणूस एवढी पुस्तकं कुणासाठी काढेल? निमेशसाठीच.

घरी केयूरला सांगितलं. नवऱ्याने निदान बायकोची बाजू घ्यावी की नाही? तो म्हणाला, त्यांना सरळ विचारून टाक ना काय हवंय ते. अंधेरीच्या एसी ऑफिसात बसणाऱ्याला स्टाफरूम काय कळणार. तिथे कुणी कुणाला सरळ विचारत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

आता पोरांनाही कामाला लावलंय.

हेमांगी उभी राहिली. मढच्या कोळीवाड्यातून येते, आई मालाडच्या बाजारात मासळी विकते. एरवी ही पोरगी वर्गात तोंड उघडत नाही. आज म्हणाली, "मॅडम, दोन फुगवट्यांच्या लाटेत मधोमध शून्य आहे. कण डावीकडे सापडतो, उजवीकडे सापडतो, मधे कधीच नाही. मग तो इकडून तिकडे जातो कसा?"

मी म्हटलं परीक्षेत येत नाही, बस. ती बसली. मग तास संपल्यावर तिला गाठून विचारलं, हे तुझं तुला सुचलं का. तर म्हणाली, प्रश्न तिचाच, पण आधी सरांना विचारला होता, सर म्हणाले मॅडमना विचार.

घ्या. आणखी काय पुरावा पाहिजे?

रविवार, २६ जानेवारी

केयूर झेंडावंदनाला सोसायटीत खाली गेला आणि नंतर तिथल्याच गप्पांत अडकला. मी वही घेऊन बसले. म्हटलं, एकदा या माणसाच्या तोंडावर उत्तर फेकायचंच. निमेशला शिकवतात ना, मग मीही बघते.

सुरुवातीला काहीच जमेना. लाटेचं मूळ समीकरण, श्रोडिंगरचं, भिंतीभोवतीच्या एका बारीक पट्टीवर इंटिग्रेट करून बघितलं. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उतार किती बदलतो, ते भिंतीच्या उंचीवर अवलंबून आहे. भिंत कितीही उंच असू दे, पण तिच्या उंचीला माप असेल तर पट्टी बारीक करत नेली की बदल शून्यावर येतो. उतार सलग. तिसरा नियम. पण भिंत अनंत उंच असली तर एकीकडे अनंत, दुसरीकडे शून्य, आणि गुणाकाराचं काय येईल ते सांगता येत नाही. तिथेच अडकले. मग कुकर लावला.

कुकरच्या शिट्ट्या होत असताना सुचलं. अनंतापासून सुरुवातच कशाला करायची? भिंत आधी थोडीच उंच घेऊ. मग लाट भिंतीपाशी थांबत नाही, जराशी भिंतीत शिरते, वळते आणि विरत जाते. कोपरा नाही. आता भिंत उंच करू. लाट कमी शिरते, वळण घाईचं होतं. आणखी उंच, आणखी कमी, वळण आणखी तीव्र. उंची वाढवतच नेली की आत शिरायला जागाच उरत नाही आणि सगळं वळण एका बिंदूत येतं. तोच कोपरा!

म्हणजे तिसरा नियम हा नियमच नाही. भिंतीच्या उंचीला माप आहे म्हणून तो खरा ठरतो. अनंत भिंतीला तो लागूच पडत नाही, आणि आपण वर्षानुवर्षं तो पहिल्या पानावर लिहून देतोय.

मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते. भात खाली लागला. इतकी वर्षं हे शिकवतेय, पण आज पहिल्यांदा मला ते कळलं. खरं सांगायचं तर मी सरांना विसरलेच होते. ताटं घेताना परत आठवले आणि परत राग आला.

बुधवार, २९ जानेवारी

हेमांगीला बोलावून घेतलं. त्या दिवशी उगाच डाफरले, त्याची टोचणी लागली होती. तिला सांगितलं, दोन फुगवट्यांच्या अवस्थेत कण जात-येत नसतोच. कुठे सापडेल याची शक्यता जागच्या जागी स्थिर असते, म्हणून 'कसा गेला' हा प्रश्नच तिथे बसत नाही. जाणं-येणं बघायचं असेल तर एका फुगवट्याची आणि दोन फुगवट्यांची लाट मिसळ. मग शक्यता डावीकडून उजवीकडे झुलायला लागते, पण तेव्हा मधलं शून्यही शून्य राहत नाही.

पोरीने स्वतः वहीत करून बघितलं. मग म्हणाली, हे सरांना सांगू का, ते रोज विचारतात मॅडमनी उत्तर दिलं का म्हणून.

रोज विचारतात! माझ्यावर नजर ठेवायला पोरगी नेमलीय. म्हटलं, काही सांगू नकोस.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मुलाखतीचं पत्र आलं. समितीसमोर डेमो लेक्चर द्यायचं, विषय टीवायच्या अभ्यासक्रमातला, आपल्या पसंतीचा, विभागप्रमुखांना आधी कळवायचा.

मी सरांना सांगितलं, हायड्रोजनचा अणू. सर नुसतं बरं म्हणाले आणि चेहरा पडल्यासारखा झाला. पडणारच. डाव फसला ना. प्रत्यक्षात मी डबाच शिकवणार आहे, पण हे केयूरलाही सांगितलेलं नाही. मी भोळी आहे असं कुणी समजू नये.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

झालं.

प्राचार्य, मॅनेजमेंटचे एक गृहस्थ, विद्यापीठाकडून आलेल्या एक तज्ज्ञ बाई आणि सर. मी फळ्यावर दोन भिंती काढल्या तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. तज्ज्ञ बाईंनी मला अर्ध्यात थांबवलं आणि विचारलं, भिंतीपाशी उताराचं काय होतं?

तोच प्रश्न. माझ्या हातातला खडू मोडला. बाईंच्या कानात कुणी भरवलं हे काय मला कळत नाही?

पण मी सांगितलं. भिंत ठेंगणी केली, मग उंच करत नेली, लाट कशी कमी कमी शिरते ते एकाखाली एक तीन आकृत्या काढून दाखवलं. बोलताना भीती गेली. बाई पुढे वाकून ऐकत होत्या. सर माझ्याकडे बघत नव्हते. खाली मान घालून भराभरा लिहीत होते, इतके की प्राचार्यांनी त्यांच्याकडे एकदा वळून पाहिलं. मार्क कापत असणार. शेवटी प्राचार्यांनी विचारलं तुम्हाला काही विचारायचंय का, तर सरांनी मान हलवली, नाही म्हणून. वर्गात, स्टाफरूममध्ये, तिळगुळाबरोबर प्रश्न. आणि इथे नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मला मिळाली. जागा मला मिळाली. कायम.

केयूरने ऑफिसातून निघून पेढे आणले. आईला फोन केला, ती नुसती हो हो म्हणत राहिली. मीही रडले, खोटं कशाला लिहू.

त्याआधी कॉलेजात सर व्हरांड्यात भेटले. अभिनंदन म्हणाले, मग म्हणाले, "तुला वेळ असेल तेव्हा जरा बसू या." माझ्यात एवढं बळ कुठून आलं कळत नाही. मी म्हटलं, "सर, मला पाडायला तुम्ही काय काय केलंत ते मला सगळं कळलंय."

ते बघतच राहिले. काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. बोलले नाहीत. मान हलवून केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. कबूल असल्याशिवाय माणूस असा गप्प बसतो का?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सरांचा निरोपसमारंभ. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मानसीने फोन करून सांगितलं की सर भाषणात दोन मिनिटंच बोलले.

शनिवार, १ मार्च

सकाळी निमेशचा फोन. अभिनंदन म्हणायला केला असेल असं वाटलं होतं, तर सुरुवातच अशी की झकास सेटिंग केलंस यार. माझं टाळकंच फिरलं. मी, सेटिंग? म्हटलं, तूच केबिनमध्ये बसून शिकवणी घेत होतास, तू मला सांगतोस?

कसली शिकवणी, तो म्हणाला. सरांनी त्याला बोलावून फळ्यावर ती मोडलेली रेघ काढली आणि विचारलं, इथे उतार सलग का नाही. त्याला वाटलं समितीवरचा माणूस आहे, आधीच चाचपून घेतोय, चुकलो तर संपलो. म्हणून फोन आल्याचं नाटक केलं आणि विषय बदलला. पुढे म्हणाला, मुलाखतीत तोच प्रश्न तुला आला म्हणे, उत्तर तयार होतं, म्हणजे सरांनी तुला सांगून ठेवलं होतं, आणखी काय.

मी तावातावाने म्हटलं, "अरे, मी काय शिकवणार हेच सरांना माहीत नव्हतं. त्यांना मी हायड्रोजन सांगितला होता."

आणि बोलता बोलता थांबले. निमेश हॅलो हॅलो करत होता.

सरांना माहीतच नव्हतं. मग बाईंना प्रश्न सांगून ठेवणार कसे? मी फळ्यावर भिंती काढेपर्यंत त्या खोलीत मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना तो प्रश्न त्यांचा त्यांना सुचला. कुठल्याही जाणकाराला सुचेल असाच आहे तो.

मग सरांना हवं होतं तरी काय? मला पाडायचं नव्हतं, निमेशला घ्यायचं नव्हतं. मला घ्यायचं असतं तर प्रश्नाबरोबर उत्तरही दिलं असतं. काही केल्या टोटल लागत नाही. केयूरला विचारलं, तर म्हणाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सरळ विचार. आज त्याच्यावर ओरडले नाही.

रविवार, २ मार्च

दिंडोशीला सरांच्या घरी जाऊन आले. रिक्षातून उतरल्यावर परत फिरावंसं वाटलं. दार काकूंनी उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, अच्छा, तू होय ती, ये. म्हटलं यांना सगळं माहीत आहे, आता माझी वाट लागली.

सर बाल्कनीत बसले होते. समोर कागदांचा ढीग, त्यावर त्याच दोन भिंती, पुन्हा पुन्हा काढलेल्या. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. एवढंच म्हटलं की मी त्या दिवशी फार वाईट बोलले, पण सर, तुम्ही मला सारखं ते का विचारत होतात?

त्यांनी समोरचे कागद सारखे केले.

"मला ते येत नव्हतं गं," ते म्हणाले. "म्हणून विचारत होतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग त्यांनी सांगितलं. प्रॅक्टिकलला जाताना व्हरांड्यातून त्यांना स्वतःचीच वाक्यं ऐकू आली, माझ्या तोंडून. आयुष्यात पहिल्यांदा ती ऐकणाऱ्याच्या जागी बसून ऐकली आणि तिसऱ्या नियमाला अडकले. माझ्या मागच्या बाकावर बसून सोडवायला गेले, सुटेना. पुस्तकं काढली. पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं. मला विचारलं, मी सिलॅबस सांगितला. निमेशला विचारलं, त्याला फोन आला, तेवढ्यात मी दारात दिसले, म्हणून ओशाळून फळा पुसला. हेमांगीने तिचा प्रश्न आणला, तोही येईना, म्हणून माझ्याकडे पाठवली. म्हणाले, प्रमुख झालेला माणूस विचारतो म्हणजे त्याला येत नसेल, असं कुणाच्या मनातच येत नाही. आणि मला येत नाही असं आधी सांगून विचारायचं, तेवढी हिंमत इतक्या वर्षांत झाली नाही.

मुलाखतीत ते मार्क लिहीत नव्हते. माझं उत्तर उतरवून घेत होते. तो कागद ढिगात होता, माझ्या तिन्ही आकृत्या, पण तिसरीपाशी त्यांचा घोळ झाला होता. बाकीचं मला निवांत विचारायचं होतं, आणि मी व्हरांड्यात त्यांना ते ऐकवलं.

मला इतकी लाज वाटली की मी काकूंनी दिलेले पोहे नुसते चिवडत बसले. किती सोपं होतं. दोन महिने एक माणूस मला एक गोष्ट विचारत होता आणि मी त्या प्रश्नाच्या आजूबाजूचं सगळं बघितलं, फक्त प्रश्न सोडून.

सर म्हणाले, "ते असू दे. ती तिसरी आकृती परत सांग."

मी सांगितली. भिंत उंच करत नेली, लाट मागे मागे आणली. त्यांनी दोनदा थांबवलं, एकदा मी घाईत गाळलेली पायरी भरायला लावली. मग कोपरा आला आणि सर खुर्चीत मागे टेकले. काकू आतून म्हणाल्या, झालं का एकदाचं?

मग सर पेन्सिलीने कागदावरच्या भिंतीवर टकटक करत म्हणाले, "दीप्ती, भिंतीपाशी तर कण कधी सापडतच नाही. मग डबा आवळायला गेलं की तो भिंतीला ढकलतो, ते कसं?"

मी तोंड उघडलं. परीक्षा, डाव, समिती, असलं काही मनात आलं नाही.

"मला नाही माहीत सर," मी म्हटलं.

"मलाही नाही," सर म्हणाले आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला.